कामिनीचा कान

२ एप्रिल २०२५, बुधवार

परत आलं! शिलाँगचं. खोकं उघडलं तर माझंच पेडल, मीच गुंडाळलेल्या प्लास्टिकमध्ये, जसंच्या तसं. वर इंग्रजीत चिठ्ठी, गोड बोलून मारलेली. 'वाईट नाही. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून घेतलं होतं, त्यात जो जीव होता तो ह्यात नाही.'

जीव नाही म्हणे! सर्किट तेच, कपॅसिटर तेच, पत्र्याचा डबा तोच, करडा रंगसुद्धा त्याच गॅरेजवाल्याकडून मारलेला. मी तोच. फेब्रुवारीपासून हे तिसरं परत आलं. त्याआधी अकरा वर्षांत एक नाही.

प्रमिलाबाई गेटवर होत्या. कुरिअरवाल्याला म्हणाल्या, "आमचे भूपेंद्रभाऊ रेडिओ दुरुस्त करतात." शेजारी राहून इतकी वर्षं झाली, अजून रेडिओ! मी पूर्वी एकदा समजावलं होतं: साठच्या दशकातलं विलायती फझ पेडल असतं, गिटारवाला ते पायानं दाबतो, मग साधा स्वच्छ सूर फाटतो, दाटतो, मोहोळ उठल्यासारखा घोंगावतो, तसलं मी हुबेहूब हातानं बनवतो. त्या म्हणाल्या, "चांगला सूर मुद्दाम फाडता?" त्यावर कामिनी इतकी हसली होती की हातातला चहा सांडला.

कामिनी असती तर हे पेडल परत आलं नसतं. हे एक वाक्य लिहायला वही काढली वाटतं मी. घरात बोलायला दुसरं कोणी नाही.

४ एप्रिल

सगळा खेळ दोन ट्रान्झिस्टरांचा आहे. जर्मेनियमचे, जुने, चिमुकल्या टोपीएवढे. आता कोणी बनवत नाही. एकाच पाकिटातले दोन एकसारखे निघत नाहीत. कोणी मुका, कोणी कुरकुऱ्या, कोणी चांगला वाजता वाजता गळा धरतो. शंभरातून पाच-सहा खरे निघाले तर दिवस चांगला.

ते खरे कामिनी निवडायची. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दारासमोर (कूलरचा वारा तिथंच लागतो). मी एकेक टोपी खोबणीत बसवायचो, गिटारवर एकच सूर छेडायचो. ती आत पोळ्या लाटत असायची. तिथूनच सांगायची: "रडका!" "रुसलेला!" "हा भांडायला उठलाय!" आणि कधीतरी, पंधरा-वीसातून एकदा, लाटणं थांबायचं. "हा."

बस. नुसतं "हा". तो मी मिसळणाच्या डब्यातल्या मधल्या वाटीत टाकायचो. बाकीच्या वाट्यांत रडके, रुसलेले, भांडकुदळ. घरातला जुना मसाल्याचा डबा आहे, अजून हळदीचा वास जात नाही त्याचा. मधल्या वाटीतले मी मीटरवर तपासून पाहिले होते. आकडे काहीच्या काही! एकाला एक जुळत नाही. पण जोडी लावली की आवाज असा यायचा, असा यायचा... जाऊ दे.

माझा डावा कान ऑर्केस्ट्रात गेला. भुसावळच्या पार्टीत बारा वर्षं स्पीकरला खेटून उभा होतो. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर ह्या कानात आता येणार नाहीत. म्हणून तिचा कान. गाणं शिकलेली नाही, सूर-तालाशी देणंघेणं नाही, पण कान असा की मीटरनं मान खाली घालावी.

मधल्या वाटीत आता फक्त दोन उरलेत. एक जोडी. ती मी वापरणार नाही.

७ एप्रिल

नवी पेठेत गेलो, लखीचंदशेठकडे. त्यांच्या वडिलांच्या वेळचा माल गोडाऊनमध्ये पडून होता, रेडिओ असेंबल करण्याच्या काळातला. मी जाईपर्यंत त्यांना वाटायचं भंगार आहे. आज एक गंजका टिनचा डबा पुढं सरकवला. "दोनशे आहेत. हा लास्ट. पूरा गोडाऊन झाडून काढला, भूपेंद्रभाऊ. आता माझ्याकडे काही नाही."

मी हातात घेऊन हलवला. छान खुळखुळला.

"भाभीजी आल्या का?"

"सासूबाईंना बरं नाही ना अजून."

"तीन महिने होत आले हो," शेठ म्हणाले. मग स्वतःच विषय बदलून उन्हाळ्यावर गेले. भला माणूस.

बाहेर सांगायला कारण पक्कं आहे. वीस जानेवारीला सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, कामिनी एकुलती एक, त्याच दिवशी धुळ्याला गेली. ह्यात खोटं काही नाही. पण त्याच्या आधीचे दहा दिवस ह्या घरात काय होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक. "जेवण वाढलंय." "सिलिंडर संपला." "दार लावून घ्या." दहा दिवसांत तेवढंच बोलली.

मार्चमध्ये सासूबाई काठी धरून चार पावलं टाकायला लागल्या. मला वाटलं, आता येईल.

११ एप्रिल

त्रेचाळीस अंश. खापर उन्हावर फोडून पाहिलं. जर्मेनियमला गरमी सोसत नाही, हे पुस्तकात आहे. बोटांत धरला तरी मीटरचा आकडा चढतो! मग डोकं चालवलं: ट्रान्झिस्टर ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माठावर ठेवले. पहाटे पाचला उठून वाजवले. दुपारी दोनला वाजवले. कूलरसमोर, कूलरमागं. वहीत दोन पानं आकडे.

पहाटेचा बरा की दुपारचा? देव जाणे! पाच-सहा सूर ऐकले की सगळे सारखेच वाटायला लागतात. स्वयंपाकघराकडं बघतो तर ओट्यावर कालचं खिचडीचं पातेलं.

प्रमिलाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, पहाटे पाचला कोणाला मारत होते?"

१४ एप्रिल

एक युक्ती सुचली. वीस ट्रान्झिस्टर वाजवून रेकॉर्ड केले, नंबर टाकले, कामिनीला व्हॉट्सॲपवर पाठवले. लिहिलं, 'सवडीनं ऐक. फक्त नंबर कळव.'

आता रात्रीचे नऊ. दोन निळ्या खुणा दुपारीच आल्यात.

१५ एप्रिल

उत्तर आलं. 'कळत नाही.'

दोन शब्द! माझ्या वीस रेकॉर्डिंगला दोन शब्द. एवढा राग?

१६ एप्रिल

वाटलं फोनच्या छोट्या स्पीकरमुळं कळलं नसेल. लिहिलं, 'हेडफोन लावून ऐक.' उत्तर: 'लावला. नाही कळत.' मग थोड्या वेळानं आणखी एक: 'जेवलात का?'

जेवलो, असं लिहिलं. शेव आणि कांदा खाल्ला होता.

२० एप्रिल, रविवार

ऋतिकाचा पुण्याहून फोन. पोरगी तिच्या आईवर गेलीय, प्रस्तावना करत नाही. "पप्पा, तुम्ही आईला सॉरी म्हणालात का?"

"कशाबद्दल?"

"व्हिडिओ परत बघा," म्हणाली आणि मीटिंग आहे सांगून ठेवून दिला.

तो व्हिडिओ. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्याचे दोघं कॅमेरा घेऊन आले होते. त्यांचं चॅनल आहे, लाख-दीड लाख लोक बघतात. दिवसभर होते. कामिनीनं त्यांना भरीत-पुरी करून घातली, चार वेळा चहा. त्यांना म्हणे 'स्टोरी' हवी होती. जळगावातल्या एका खोलीत बसलेला एकटा माणूस, विस्मरणात गेलेला आवाज, वगैरे. मीही रंगलो. रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांचं विलायती पेडल दुरुस्तीला आलं, मी त्याचं सर्किट लग्नपत्रिकेच्या मागं कसं उतरवून घेतलं, ते सांगितलं. त्यांनी विचारलं, निवड कोण करतं? मी म्हणालो, मीच. कानावर.

कानावर! कोणाच्या?

हे मला तेव्हाच टोचलं होतं. पण कॅमेरा चालू होता, ती आत होती, आणि बायको पोळ्या लाटता लाटता निवडते हे सांगितलं असतं तर ते हसले असते. असं मी स्वतःला समजावलं. व्हिडिओनं चाळीस ऑर्डरी आणल्या. ती दहा दिवस बोलली नाही.

२१ एप्रिल

ठरलं. नाव द्यायचं. ज्याचं श्रेय त्याला! नव्या पेडलवर तिचं नाव घालणार. गॅरेजवाल्याला सांगून आलो: करड्यावर पांढऱ्या अक्षरात 'कामिनी'. तो म्हणाला, "रिक्षावर लिहितात तसं का?" मी म्हणालो, त्याहून बारीक.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

गल्लीत कडुलिंबाला झोका बांधलाय. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्यात, नुसता कलकलाट. प्रमिलाबाईंची लेक आली, जावई परवा न्यायला येणार. मला पुरणपोळी पाठवली. "वहिनी आखाजीला माहेरीच का? बरं आहे, आईजवळ सण झाला."

हो म्हणालो. आजच्या दिवसापुरतं हे कारण किती सोपं झालं! आज खानदेशातली प्रत्येक बायको माहेरी आहे. आज माझं घर इतरांच्या घरासारखंच आहे. उद्यापासून नाही.

दुपारी पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. कामिनी ह्यातलं एक गाणं भलत्याच सुरात म्हणायची. दरवर्षी. मी हसायचो आणि ती म्हणायची, "तुम्ही नका शिकवू मला." इतका पक्का कान आणि गळा असा! कधी कोडं वाटलं नाही मला. बायकोचं होतं, गोड वाटायचं.

आज मला ते बेसूर गाणं ऐकायचंय. दुसरं काही नको. पेडल गेलं खड्ड्यात.

४ मे

गल्लीतला झोका सोडला. पोरी सासरी गेल्या. प्रमिलाबाईंनी आज काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

९ मे

शिलाँगवाल्याचं पुन्हा पत्र. पैसे परत नकोत म्हणतो. 'घाई नाही. एकच करा, पण पहिल्यासारखं.' हा माणूस मला सोडत नाही! राग यावा तर तेही जमत नाही, कारण तो म्हणतो ते खरं आहे.

'कामिनी' तयार झालं. रंग सुंदर बसलाय. आत मीटरवर जुळणारी जोडी घातली, तात्पुरती. खरी जोडी ती निवडेल. धुळ्याला जाणार. गिटार, छोटा ॲम्प, लखीचंदशेठचा गंजका डबा, सगळं घेऊन.

कुठला शर्ट घालावा ह्याचा दोन दिवस विचार चाललाय. पंचावन्न वर्षांचा बाप्या मी!

१७ मे, शनिवार — धुळे

हे सासुरवाडीच्या गच्चीवर लिहितोय. खाली झोपायला सांगितलं होतं, वर आलो. क्रमानं लिहायला हवं, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीचं आठवेन.

एसटीत गिटार मांडीवर. एरंडोल, पारोळा... कंडक्टरनं गिटारचं अर्धं तिकीट मागितलं, गंमत म्हणून. देवपूरला उतरलो, दोन किलो आंबे घेतले. दार कामिनीनं उघडलं. वाळलीय. केसांना मेंदी लावलेली नाही. मी म्हणालो, "आलो." ती म्हणाली, "पाणी आणते."

सासूबाई आतल्या खोलीत खाटेवर. तोंड जरा वाकडं झालंय, शब्द हळू येतात, पण डोळे तेच, सुईसारखे. माझ्याकडं बघितलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "एकलाच ऊनात, जवाईबुवा?"

"हो, एकटाच."

"बरं शे. तुम्हीन तं घरमा बी एकलाच ऱ्हातस म्हने. मोबाईलमा दखं मी. बठ्ठा गावनी दखं." मग दम घेतला. "मंग त्या दिन तो चहा कोनी करा व्हता?"

"माय, तू गप ऱ्हाय ना!" कामिनी स्वयंपाकघरातून.

जेवायला शेवभाजी, माझ्या आवडीची झणझणीत. जेवण होताच ताटावरूनच डाव्या हातानं पेडल काढलं, तिच्या हातात दिलं. नाव तिच्याकडं करून. मला वाटलं होतं... काय वाटलं होतं कोण जाणे.

तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. "माझं नाव कशाला?"

"तू निवडतेस म्हणून. चुकलंच माझं. त्या दिवशी कॅमेऱ्यापुढं सांगायला हवं होतं की निवड तुझी."

"त्यानं मला राग आला असं वाटलं तुम्हाला?"

मी हो म्हणालो.

"नाव नको होतं मला. कामाचं काय, तुम्हीच करता सगळं. तुम्ही म्हणालात, 'घरात मी एकटाच असतो, मी आणि हा आवाज.' मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. चार कप. मला वाटलं, आता ह्या ट्रेचं काय करू."

असं मी बोललो होतो? बोललो असेन. तिथं ते शोभून दिसत होतं. जेवलेल्या ताटावर बसून राहिलो. हात वाळला तरी उठवेना. एवढ्या दिवसांत मी नावावर अडकून बसलो होतो, आणि हिचं दुःख दारात उभं होतं.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. तोंडापर्यंत आली होती. पण मी काय केलं? ज्या कामाला आलो त्या कामाला लागलो! बाहेरच्या ओट्यावर ॲम्प मांडला. ती आत आईला पेज भरवत होती. मी ओरडून सांगितलं, "तिथूनच ऐक, घरी ऐकायचीस तशी." एकेक लावत गेलो. पहिला. दुसरा. दहावा. आतून काही नाही. शेजारची पोरं गोळा झाली. विसाव्याला मी थांबलो.

"कामिनी, एक तरी सांग ना!"

ती दारात आली. पेजेची वाटी हातात. "नाही कळत मला."

"अकरा वर्षं कळत होतं. चार महिन्यांत विसरलीस?"

"नाही कळत म्हटलं ना." डोळे भरले होते. मला वाटलं, रागाचे. मला सूड वाटला तो, देवाशपथ सूड वाटला.

"मग मी आलो कशाला एवढ्या लांब?"

तिनं वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "तेच विचारायचं होतं मला."

१८ मे

सकाळी निघालो. सासूबाई झोपल्या होत्या. कामिनीनं बरोबर दशम्या आणि चटणी दिली. फाटकाशी मी म्हणालो, "येतेस का? दोनशे निवडायचे पडलेत." तिनं माझ्या कॉलरवरचा धागा काढला, म्हणाली, "आईला एकटं कसं सोडू." गाडी पारोळ्याच्या पुढं गेल्यावर कळलं की मी पुन्हा तेच केलं. दोनशे पडलेत! दुसरं एखादं वाक्य सुचलं नसतं?

तू नाहीस तर घर खायला उठतं. हे वाक्य होतं. इथं वहीत किती सहज येतं.

१९ मे

दशम्या संपवल्या नाहीत. शेवटची एक ठेवलीय. वाळली.

२२ मे

आज टेबलाची जागा बदलून बघितली. खिडकीकडं तोंड केलं, स्वयंपाकघर पाठीमागं. रिकामं दार दिसायला नको म्हणून. आणखी वाईट! पाठीमागून कोणीतरी 'हा' म्हणेल असं सारखं वाटतं. संध्याकाळी परत होतं तिथं आणलं.

ती निघून गेली तेव्हा तिची आठवण येत होती ती कामात. हे अडलं, ते अडलं. आता वेगळंच चाललंय. ती दात घासताना गुणगुणते ते आठवतं. रात्री पाय गार लागतो म्हणून माझ्या पायाला लावते ते. मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत, मला तो गार पाय हवाय. हे कोणाला सांगायचं? लखीचंदशेठला?

२५ मे, रविवार

संताप आला. कोणावर ते माहीत नाही. मधली वाटी उघडली, तिनं निवडलेली शेवटची जोडी काढली आणि शिलाँगच्या पेडलमध्ये घालून टाकली. वाजवून बघितलं नाही. काय बघायचं, तिनं 'हा' म्हटलेले आहेत. एकदा वाजवलं असतं तर देववलं नसतं.

वाटी धुऊन पालथी घातली.

२६ मे

कुरिअर केलं. दुकानातून बाहेर आल्यावर वाटलं, परत मागावं. तोवर पोतं शिवून झालं होतं.

२७ मे

कामिनीला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढाच गेला: 'तू निवडलेली शेवटची जोडी काल पाठवली. वाटी संपली. आता तुला त्रास देणार नाही.'

चांगुलपणानं लिहिलं होतं. तिच्यावर ओझं नको म्हणून. दोन तासांनी पुन्हा वाचलं तर हिशेब मिटवल्याची पावती वाटली. तोवर निळ्या खुणा आल्या होत्या.

लखीचंदशेठना सांगितलं, दोनशेचा डबा परत घ्या. ते म्हणाले, "बिका हुआ माल मी परत घेत नाही, भूपेंद्रभाऊ. आणि तुम्ही असं तोंड करून दुकानात बसू नका, गिऱ्हाईक पळतं."

२८ मे, बुधवार

सकाळी सहाला तिचा फोन. सलग बोलली, मधे थांबली नाही. "अहो, मला त्यातलं काहीच कळत नाही. कधीच कळत नव्हतं. मला सगळे सारखेच वाजायचे. मी दारातून तुमच्या तोंडाकडं बघून सांगायचे. कुठला वाजला की तुमचा ओठ वाकडा व्हायचा, कुठल्याला कपाळावर आठी. आणि एखादा वाजला की तुम्ही डोळे मिटायचे, मग मी म्हणायचे, हा. तुम्हाला इतकं कौतुक होतं माझ्या कानाचं, मला खरं सांगवेना. मागाहून भीती वाटायला लागली. इथं बाहेरच्या ओट्यावर तुम्ही पाठमोरे होता, मी काय सांगणार होते? कान तुमचाच आहे. माझ्याकडं काही नाही निवडायला. आता सांगून टाकलं. आता बोलवायचं असेल तर बोलवा."

ती म्हणाली, "ऐकताय ना?"

आठची धुळ्याची गाडी आहे. ती आईला सोडून येणार नाही, तर मी राहीन तिथं. हातात काही नेत नाहीये.